ज्याच्या घरावर रेघ, त्याच्या घरी चहा

अण्णांनी चहा सोडला ही बातमी आमच्या ऑफिसात आली तेव्हा कोणाचाच तिच्यावर विश्वास बसला नाही. कोल्हापुरात माणूस तंबाखू सोडतो, श्रावणापुरतं मटण सोडतो, डॉक्टरनं दम दिला तर दारूही सोडतो. चहा सोडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शिपाई म्हणाला, "पोटाचं काय तरी असंल." दुसरा म्हणाला, येत्या निवडणुकीत पडायचा धसका घेतलाय. मला कारण माहीत होतं, पण मी बोलले नाही. सांगितलं असतं तर लोकांनी ते हसण्यावारी नेलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

नव्वदच्या सुमाराला मी पालिकेच्या नगररचना विभागात नकाशे काढायला लागले. तेव्हा संगणक नव्हते. ट्रेसिंगच्या कागदावर शाईनं रेघा ओढायच्या, एक थेंब सांडला की आठवड्याची मेहनत पाण्यात. शहरातल्या रस्तारुंदीचे, जुन्या मंडईच्या जागी नवं संकुल बांधायचे, पेठांतल्या दाट वस्त्या मोकळ्या करायचे प्रस्ताव यायचे. मी त्यांचे नकाशे करायची आणि नगरसेवकांची एक समिती त्यावर निर्णय घ्यायची. अण्णा त्या समितीत होते. माझं काम नकाशा टेबलावर पसरून बाजूला उभं राहायचं. उभे राहणारे आम्ही दोघंच, मी आणि अण्णा. मी नोकर म्हणून, आणि ते, "रेफरी बसत न्हाय," म्हणून.

गाव त्यांना रेफरीच म्हणायचं. तरुणपणी ते पेठांच्या फुटबॉलचे पंच होते. बाहेरच्या माणसाला यात काय मोठं ते कळणार नाही. आमच्याकडे पेठेपेठेची तालीम, तालमीचा संघ, आणि संघ हरला तर घरात चूल पेटत नाही. तिथं पंच होणं म्हणजे दोन जावांच्या भांडणात सासऱ्यानं न्याय करायला बसणं. पंचगिरी सुटून वर्षं झाली तरी अण्णा समितीच्या बैठकीत खुर्च्यांमागून फेऱ्या घालायचे, कोणी फार लांबण लावली की मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटायचे, आणि एखाद्यानं विषय सोडून दुसऱ्यावर तोंड टाकलं की म्हणायचे, "पिवळं दाखवलंय बरं का. आता पुढचं लाल." सभापती हसायचे. मला सुरुवातीला त्यात काही हसण्यासारखं दिसायचं नाही. माणूस अडमुठा आहे, एवढंच माझं मत होतं.

त्याला कारण त्यांची पिशवी. त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात मैदान आखायची पांढरी फक्की. चालतील तिथं ती झिरपायची. चपला पांढऱ्या, धोतराचा काठ पांढरा, खुर्चीला हात लावला की खुर्चीवर पाच बोटं. आणि हा माणूस येऊन माझ्या ओल्या नकाशावर वाकायचा. पहिल्याच बैठकीत त्यांनी माझा नकाशा हातानं फिरवून उलटा केला.

"ह्यो असा धरा, बाई."

"अण्णा, उत्तर वर असते."

"उत्तरंला तोंड करून कोण राहतंय? मी घरातनं भायेर पडलो की तोंड दक्षिणंला असतंय. मला माझं घर जसं दिसतंय तसं दावा."

मी नकाशा सुलटा केला. त्यांनी परत उलटा केला. नकाशाच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला आणि मला रात्रभर बसून तो कोपरा नव्यानं काढावा लागला. घरी जाऊन आईला म्हटलं, असली माणसं निवडून देतात लोक. आई म्हणाली, "उलट्या नकाशात तुला तुझं घर सापडलं का?" आई शाळा न शिकलेली, तिला गंमत वाटली होती. मी जेवले नाही त्या दिवशी.

फक्कीचा खरा उपयोग जागेवर कळायचा. प्रस्ताव आला की समितीनं स्थळ पाहायला जायचं अशी पद्धत होतीच, पण बाकीचे सभासद जीपमधून उतरायचे, कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या टोकाला उभे राहायचे आणि "बरं, ठीक आहे," म्हणून परत बसायचे. अण्णा नकाशातली रेघ जमिनीवर मारायला लागायचे. चिमूट सोडत, मागं मागं चालत. रेघ गटारावरून जायची, दुकानाच्या पायरीवरून जायची, कोणाच्या उंबऱ्यावरून आत शिरून पलंगाखालून पलीकडे निघायची. बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. कागदावर मी ओढलेली ती बारीक रेघ घरातून जाताना मी पहिल्यांदा पाहिली ती अण्णांमुळे. त्याआधी मला ती फक्त सरळ आली की नाही एवढंच दिसायचं.

रेघ मारून झाली की त्यांचा नियम सुरू व्हायचा. ज्याच्या घरावर रेघ, त्याच्या घरी चहा. आत जाऊन बसायचं, घरचा चहा घ्यायचा, आणि चहा पिता पिता तोंडावर सांगायचं. रंकाळ्याकडच्या एका शिंप्याला त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. "मशीन हाय न्हवं तुझं, तिथंवर जाणार. मी हात वर करणार हाय. शिव्या द्यायच्या असल्या तर आत्ता दे, मागनं देऊ नगं." शिंप्यानं दिल्या. चांगल्या मनापासून दिल्या. अण्णांनी त्या सगळ्या ऐकल्या, बशीतला शेवटचा घोट घेतला, मिशी पुसली आणि उठले. पुढच्या बैठकीत त्यांनी हातही वर केला. रस्ता व्हायलाच पाहिजे होता तो, तिथं ॲम्ब्युलन्स जात नव्हती. अण्णा पाडापाडीच्या विरोधात नव्हते हे लक्षात ठेवा. पाडायचं तर तोंड दाखवून पाडायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि माझं मत बदललं ते आमच्याच वस्तीत. आम्ही बौद्ध. माझ्या मावशीचं घर ज्या वस्तीत होतं, तिथून नाल्याकाठचा रस्ता जायचा होता. समिती आली तेव्हा मी नकाशाची गुंडाळी घेऊन मावशीच्याच घरात उभी होते, आणि मावशीला मी डोळ्यांनी खुणावलं होतं की ओळख दाखवू नकोस. तिनं सगळ्यांना चहा केला. घरातले चांगले कप काढले. सभासदांची चुळबुळ सुरू झाली. एक म्हणाला, आत्ताच झालाय. दुसरा पोट दाखवून म्हणाला, "मला शुगर हाय, ताई."

अण्णांनी कप घेतला, बशीत ओतला आणि त्याच्याकडे बघितलं. "मघाशी वरच्या आळीत दोन कप मारलास की. तवा शुगर न्हवती?"

कोणी हसलं नाही. तो माणूस लाल झाला. त्यानं कप घेतला आणि प्याला. मी तिथं गुंडाळी घट्ट धरून उभी होते. आमच्या घरात येऊन खुर्चीवर न बसणारी आणि आमचं पाणी नाकारणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले होते. त्यांना असं कोणी तोंडावर बोललेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून अण्णांनी नकाशा उलटा केला तरी मी तो सुलटा केला नाही.

आता एका गल्लीचं सांगते. अण्णांचं शाहूपुरीत बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान होतं, शिरोलीच्या कारखान्यांना माल जायचा. घरातून दुकानाकडे जायला सरळ वाट एका तालमीमागच्या गल्लीतून होती. अण्णा त्या गल्लीतून कधीच जायचे नाहीत. मोठा वळसा घालून जायचे, पावसातसुद्धा. त्या गल्लीनं त्यांना वाळीत टाकलं होतं.

प्रकरण फार जुनं, मी शाळेतही जात नव्हते तेव्हाचं. स्पर्धेचा अंतिम सामना. त्या गल्लीचा संघ बरोबरीत होता. वेळ संपल्याची शिट्टी अण्णांनी वाजवली आणि त्याच क्षणी गल्लीच्या सेंटर फॉरवर्डनं चेंडू जाळीत मारला. गल्ली म्हणाली गोल आधी. अण्णा म्हणाले शिट्टी आधी. पुढं पेनल्टी झाल्या आणि गल्ली हरली. मैदानात दगड आले, अण्णांचं डोकं फुटलं, पण त्यांनी निर्णय फिरवला नाही. "शिट्टी वाजली की वाजली. मागनं झाला त्यो गोल न्हाय." हे वाक्य गावात म्हणीसारखं झालं. घरातल्या भांडणातसुद्धा लोक ते वापरायचे. तो सेंटर फॉरवर्ड पुढं शिरोलीला फौंड्रीत लागला, खेळ सुटला, आणि पन्नाशी गाठायच्या आत छातीच्या दुखण्यानं गेला. गल्लीनं तोही हिशेब अण्णांच्याच नावावर लिहिला.

आणि मग त्याच गल्लीचा प्रस्ताव आला. पुढचा रस्ता रुंद करायचा, मागच्या बाजूला व्यापारी संकुल. नकाशा मीच काढला. समितीनं तो जाहीर केला आणि हरकती मागवल्या. त्याची रीत अशी: महिन्याची मुदत असते. त्या मुदतीत ज्यांची घरं जाणार ते लेखी हरकत देतात, सुनावणी होते, रेघ कुठं थोडी सरकते, दोन-चार घरं वाचतात. हरकत आलीच नाही तर प्रस्ताव आहे तसा पुढं सरकतो. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात जाहिरात येते, विभागीय कार्यालयाच्या फळ्यावर कागद लागतो.

स्थळ पाहायला जायच्या दिवशी अण्णा गल्लीच्या तोंडाशी थांबले. "बाई, हितं माझी सावली चालत न्हाय," म्हणाले. तरी पिशवीत हात घातला आणि मागं मागं चालत निघाले. गल्ली दारादारात उभी होती. रेघ जात जात एका घराच्या दगडी कट्ट्यावरून चढली, उंबऱ्यावरून आत गेली आणि मधल्या खोलीतून पार झाली. ते घर त्या सेंटर फॉरवर्डचं. दारात त्याची बायको उभी होती. गल्ली तिला आक्का म्हणायची.

बाकीचे सभासद जीपकडे वळले. अण्णा फक्कीचे हात झटकत कट्ट्यापाशी उभे राहिले. आत जायचा त्यांचा नियम, पण इथं त्यांना कोण बोलावणार? मला वाटलं आता नियम मोडतो.

आक्का म्हणाल्या, "बसा की. चहा टाकलाय."

सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. अण्णा कट्ट्यावर बसले. आक्कांनी कप आणून दिला आणि उभ्या उभ्याच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "अण्णा, एक सांगायचं राहिलंय. मालक जायच्या आधी मला सांगून गेल्यात. शिट्टी त्यांनी ऐकलती. पाय आवरला न्हाय, म्हणाले. गोल न्हवता त्यो. गल्लीला सांगायचा त्यांना धीर झाला न्हाय. म्हणून मी सांगतो आता."

अण्णांच्या हातातला कप तसाच राहिला. बघता बघता त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाचं तोंड वेडंवाकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या घरातले म्हातारबा पुढं आले आणि त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले. मग अजून एक जण आला. अण्णांनी चहा प्याला आणि रिकामा कप हाताशी कट्ट्यावर ठेवला. मी वाट बघत होते. आता ते सांगणार, आक्का, तुमचं घर जाणार. त्यांनी सांगितलं नाही.

परत येताना मी विचारलं, "अण्णा, बोलला नाहीत?"

"सांगतो. उद्या सांगतो. आज एवढं ऱ्हाऊ दे, बाई."

त्यांचा तो उद्या उगवलाच नाही. दुसऱ्या दिवशी ते त्या गल्लीत गेले, पण चहाला. तिसऱ्या दिवशीही. वळसा सुटला. दुकानाकडे जाता येता आक्कांच्या कट्ट्यावर टेकायचं, म्हातारबांशी जुन्या सामन्यांवर बोलायचं. मी घरी जाताना त्यांना तिथं बघायची. इतका मोकळा हसणारा माणूस मी समितीत कधी बघितला नव्हता. एकदा मला हाक मारून म्हणाले, "या बाई, बसा. रेफरी बसलाय बघा." खरंच बसलेले होते, मांडी घालून.

मुदत संपत आली तेव्हा मला चमत्कारिक वाटायला लागलं. रस्तारुंदी म्हटलं की अर्ज घ्यायच्या आवक खिडकीशी हरकतींचा खच पडतो. या प्रस्तावावर एकही कागद नव्हता. मी संध्याकाळी आक्कांकडे गेले आणि सरळ विचारलं, हरकत का दिली नाहीत?

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "कशाला द्यायची? अण्णांनी चहा घेतलाय की."

"म्हणून काय झालं?"

"घर जायचं असतं तर त्यांनी चहा पितानाच सांगितलं असतं. त्यांची रीत सगळ्या गावाला म्हाइत हाय. शिंप्याला सांगितलंतं, नाल्याकाठच्या वस्तीत सांगितलंतं. आम्हाला बोलले का काय? न्हाय. मग घर ऱ्हाणार."

मी सांगितलं, आक्का, घर जाणार आहे, ती रेघ मीच ओढलीय. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नोकरीतल्या माणसाला भीती वाटतीया, साहजिक हाय, पण अण्णा बोलले न्हाईत.

दुसरा दिवस मुदतीचा शेवटचा. सकाळी ऑफिसात न जाता मी शाहूपुरीत दुकानात गेले आणि अण्णांना सांगितलं. ते गिऱ्हाइकाला माल दाखवत होते. हातातलं बेअरिंग काउंटरवर ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि दुकान पुतण्यावर टाकून निघाले. धोतराचा सोगा हातात धरून ते जवळजवळ पळतच होते.

गल्लीत आल्यावर त्यांनी आक्कांच्या कट्ट्यासमोर उभं राहून सांगितलं, "आक्का, तुमचं घर जाणार हाय. ह्या गल्लीतली निम्मी घरं जाणार हायत. मी पयल्याच दिवशी सांगायला पायजे होतं. आज हरकत लिहून द्या. मी समितीत हाय, मला देता येत न्हाय, ह्या बाईंना देता येत न्हाय. तुम्हीच द्यायला पायजे."

आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हातारबा म्हणाले, "अण्णा, आमची परीक्षा घेता व्हय?"

"परीक्षा न्हवं म्हातारबा, सही करा."

"तुम्ही कट्ट्यावर बसून चहा पेता आणि आम्ही तुमच्या समितीविरुद्ध कागद द्यायचा? लोक काय म्हणतील? आत्ता कुठं गोडी झालीया."

अण्णा ओरडले. हात जोडले. मी कोरे कागद आणि पेन घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक घरात आधी चहा पुढं आला. अण्णांना नको म्हणता येईना, नको म्हटलं की माणूस दुखावायचा. हळूहळू लोकांना ते खरं वाटायला लागलं, चेहरे बदलले, बायका घाबरल्या. तेव्हा म्हातारबांनी शेवटचं सांगितलं. "अण्णा, तुमचं पटलं. पण तालमीत बसल्याशिवाय ही गल्ली कुठं सही करत न्हाय. आज सांजच्याला बसतो. सगळ्यांच्या सह्या उद्या सकाळी घेऊन येतो."

"सांजच्याला खिडकी बंद होतीया हो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

गल्लीची रीत ती. वर्गणी असो, लग्नाचा मांडव असो, खेळाडू घ्यायचा असो, तालमीत बसून ठरल्याशिवाय एकानंही पुढं व्हायचं नाही. एकट्यानं सही करणारा गल्लीतून उठला असता. आक्कांनी पेन हातात घेतलं होतं, ते परत माझ्या हातात दिलं. त्यांच्या हातावर चुलीची राख होती. ते पेन मी पुढं बरीच वर्षं वापरलं नाही.

संध्याकाळी गल्ली तालमीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी सगळी गल्ली सह्यांचा कागद घेऊन दारात हजर होती. कागद घेतला गेला. त्यावर शिक्का पडला, मुदतीनंतर प्राप्त.

बैठकीत तो विषय आला तेव्हा अण्णा खुर्च्यांमागं उभे होते, मी नकाशापाशी. टिपणी वाचली गेली, मुदतीत हरकत नाही. अण्णांनी बोलायची परवानगी मागितली. ते म्हणाले, हरकत आली नाही ती माझ्यामुळं. मी त्या घरी चहा घेतला आणि सांगायचं ते सांगितलं नाही. लोकांना वाटलं मी शब्द दिला. चूक पंचाची हाय, खेळाडूंची न्हाय. एका दिवसाचा उशीर झालाय, तो कागद धरा.

एक सभासद हसला. त्याला ते गमतीचं वाटलं. सभापती मात्र हसले नाहीत, ते वाईट माणूस नव्हते. कपाळ चोळत ते म्हणाले, "अण्णा, मला पण वाईट वाटालंय. पण आज हा धरला तर उद्या दुसरा येईल, परवा तिसरा. तुम्हीच सांगा. शिट्टी वाजल्यावर झालेला गोल धरायचा काय?"

अण्णांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि ते बसले. एवढ्या वर्षांत समितीत त्यांना बसलेलं कोणी बघितलं नव्हतं. मतदान झालं. विरोधात एकच हात होता, तोही बसल्या बसल्या वर झालेला. मी टेबलावरचा नकाशा गुंडाळायला घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी त्यांनी तो उलटा केला नव्हता.

घरं पाडायला पावसाळ्यानंतर सुरुवात झाली. अण्णा सकाळपासून समोर उभे होते. गल्लीनं त्यांना शिवी दिली नाही, दगड मारला नाही. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. लोक आपापल्या वस्तू टेम्पोत भरत होते आणि जाता येता त्यांच्या बाजूनं असे जायचे, जसं काही तिथं विजेचा खांब आहे. आक्कांनी मजुरांना चहा केला. यंत्रावरच्या ड्रायव्हरलाही दिला. मग एक कप घेऊन अण्णांपाशी आल्या. अण्णांनी मान हलवली. त्या कप घेऊन परत गेल्या. चहा सुटला तो त्या दिवशी.

पुढची निवडणूक ते हरले, त्यांनी धड प्रचारही केला नाही. फक्कीची पिशवी दिसेनाशी झाली. दुकानाकडे जायला आता तो रुंद रस्ता झाला होता, दोन्हीकडून गाड्या जायच्या. अण्णा पुन्हा जुन्याच वळशानं जायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, आता तिथं कोण आहे, कशाला एवढं चालता? "पायांना सवय हाय," म्हणाले. मला रडू आलं, पण भर रस्त्यात काय रडणार.

दोन हजारनंतरची गोष्ट. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पुतण्या बिद्रीला गेला होता म्हणून त्यांना दवाखान्यातून घरी सोडायला मी गेले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधुकच दिसायचं. माझ्या स्कूटीवर मागं बसले. नेमका त्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना झालेला, आणि जिंकला होता त्याच गल्लीचा संघ. गल्ली उरली नव्हती, माणसं उपनगरांतल्या फ्लॅटांत पांगली होती, पण पोरांनी संघ सोडला नव्हता. मिरवणूक निघालेली. हलगी, गुलाल. पोलिसांनी आमची वाट बंद केली आणि सगळी वाहतूक त्या रुंद रस्त्यानं वळवली. मी काही बोलले नाही. अण्णांनीही विचारलं नाही आपण कुठं आलो.

संकुलासमोर गाड्या अडकल्या. मी स्कूटी कडेला घेतली आणि पाय टेकले. तिथं आक्कांच्या घराचा मागचा खण तेवढा उरला होता, त्याला पत्र्याचं दार लावून चहाची टपरी केलेली. आक्का आत होत्या. केस पांढरे झालेले, पण ओळखल्या.

"अण्णा, चहा घ्या."

आवाज ऐकून अण्णांनी मान वळवली. मागून माझ्या खांद्यावर ठेवलेला त्यांचा हात घट्ट झाला.

"मी चहा सोडलाय, आक्का."

"म्हाइत हाय. सगळ्या गावाला म्हाइत हाय." त्या कप घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर धरून उभ्या राहिल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मी मध्ये पडले असते. "घ्या की आता. आता पाडायला काय न्हाय राहिलं."

अण्णा स्कूटीवरून उतरले. मिरवणूक पुढून जात होती, पोरं नाचत होती, गुलाल उडून आमच्या अंगावर येत होता. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि उभ्यानंच चहा प्याला. सावकाश, तळ लागेपर्यंत. आक्का तिथंच उभ्या होत्या.

मग त्यांनी रिकामा कप ठेवायला बाजूला हात नेला. गुडघ्याच्या उंचीवर, उजव्या बाजूला, पूर्वी हाताशी जिथं कट्टा असायचा तिथं. हात खाली खाली गेला आणि अंधुक डोळ्यानं ते चाचपत राहिले. आक्कांनी त्यांच्या हातातून कप काढून घेतला.